मागचं वजन पुढच्याने ओळखावं

पहाटे साडेतीन-चारच्या सुमारास नालासोपारा किंवा विरार स्टेशनच्या पश्चिमेला उभे राहिले, की वसई तालुक्याची शेती मोटारसायकलवर बसून येताना दिसते. गास, निर्मळ, वाघोली, आगाशी, अर्नाळा या बाजूंनी एकेक दिवा येतो. पुढे विशी-बाविशीचा पोरगा, मागे त्याची आई किंवा काकी, मांडीवर फुलांचे बोचके नाहीतर भाजीची टोपली. पहिल्या लोकलने माल दादरला पोचला तर भाव, नाही पोचला तर उकिरडा. त्यामुळे घाई ही आलीच.

या जोडीकडे जरा नीट पाहा. पोरगा काटकुळा, पंचावन्न किलोचा. मागे बसलेली बाई त्याच्या दीडपट. घरात गाडी एकच, तीही शंभर सीसीची. चालवणारा घरातला सगळ्यात हलका माणूस आणि बसणारा सगळ्यात जड, असा प्रकार पश्चिम पट्ट्यात आहे तसाच पूर्वेला मांडवी, पारोळ, भाताण्यालाही आहे. कृषी खात्याच्या कामाने मी रोज गावोगाव फिरतो. खत, बियाणे, फवारणी यावर आम्ही भरपूर बोलतो. पण शेतकरी शेतावर आणि बाजारात पोचतो तो मोटारसायकलवर, आणि त्यावर मात्र कुणी बोलत नाही. म्हणून आज थोडे त्याविषयी.

मागे जड माणूस बसला की आपल्याकडे पहिली गोष्ट होते ती थट्टा. 'हवा बसली रे', 'पुढचं चाक उचललं बघ'. नाक्यावरची मंडळी हसतात, पोरगा ओशाळतो, बाई खाली मान घालून बसते. गेल्या पावसाळ्यात एका काकींना शेतावरून रस्त्यापर्यंत सोडतो म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "नको बाबा, मी आपली चालत येते. तुझ्या गाडीची हवा जाईल." त्यांच्या डोक्यावर भाजीची टोपली होती आणि रस्ता चांगला दीड किलोमीटर लांब होता. थट्टेने एक नुकसान असे होते की वजनाचा विषय लाजेचा होऊन बसतो. मग मागच्याला कुणी विचारत नाही, टायरची हवा कुणी पाहत नाही, आणि गाडी एकट्याने चालवायची तशीच दोघांनी चालवली जाते.

वास्तविक वजनाचा हा हिशेब आपल्या वाडवडिलांना पक्का ठाऊक होता. बैलगाडी भरताना माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते, चढावर बैलांचे गळे आवळले जातात. पुढे जास्त झाला तर सगळा भार बैलांच्या मानेवर बसतो. म्हणून जाणता गाडीवान भारा टाकल्यावर धुरा हाताने उचलून बघायचा, मग दोन पेंढ्या इकडच्या तिकडे करायचा. गाडी उलाळ झाली म्हणून त्याने कधी भाताच्या भाऱ्याला नावे ठेवली नाहीत. मोटारसायकलही उलाळ होते. फरक इतकाच, की तिला बैल नाहीत. पुढचे चाक हलके झाले की हँडलच हलके होते, आणि ते कळेपर्यंत गाडी भलतीकडे गेलेली असते.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ झाले. त्यानंतर नुकसानीचे पंचनामे चालू होते. माझ्या मागे आमचे एक वरिष्ठ बसले होते, वजन नव्वदच्या आसपास; मी अठ्ठावन्न किलोचा. त्यांच्या खांद्याला फायलींची पिशवी. शेतातल्या पायवाटेवरून डांबरी रस्त्यावर चढताना मी नेहमीच्या सवयीने क्लच झटकन सोडला आणि मूठ पिळली. पुढचे चाक जमिनीवरून सुटले. मी घाबरून मूठ सोडली, पाय टेकायला गेलो तर जमीन ओली, आणि आम्ही दोघे आंब्याच्या पडलेल्या फांद्यांवर आडवे. साहेबांचा गुडघा सुजला, माझा हात खरचटला. साहेब बिचारे म्हणाले, "माझंच वजन जास्त झालं." पण चूक त्यांची नव्हती. चढ आहे हे मला दिसत होते, मागे कोण बसले आहे हे मला माहीत होते, आणि त्या दिवशी मागच्या टायरात एकट्यापुरतीच हवा होती. अंगाने जड असणे हा गुन्हा नाही. ते वजन आहे हे विसरून गाडी चालवणे हा मात्र गाडी चालवणाराचा दोष.

आता थोडा हिशेब करू. शंभर सीसीची साधी गाडी ११० किलोच्या आसपास भरते. साठ किलोचा चालक बसला की १७०. मागे ८५ किलोचे माणूस बसले की २५५, म्हणजे सगळा भार दीडपट. पण हा वाढीव भार दोन चाकांवर सारखा पडत नाही. मागची सीट जवळपास मागच्या चाकाच्या डोक्यावर असते, तेव्हा ते ८५ किलो बहुतेक सगळे मागच्याच चाकावर येतात. त्या चाकाला एकट्याच्या वेळी जेवढे सोसावे लागते त्याच्या पावणेदोनपट तरी आता सोसायचे असते. म्हणूनच गाडीच्या पुस्तकात मागच्या टायरचे दोन आकडे दिलेले असतात, एक एकट्यासाठी आणि एक दोघांसाठी. कित्येक छोट्या गाड्यांत एकट्यासाठी २८ पौंड आणि दोघांसाठी चाळीसच्या आसपास असा फरक असतो. पुढच्या चाकाचा आकडा बहुधा तोच राहतो. आपल्याकडे मात्र पंक्चरवाल्याला सांगायचे ते एवढेच, "हवा टाक रे." तो अंगठ्याने दाबून बघतो आणि म्हणतो, बरोबर आहे. अंगठ्याला २८ आणि ४० मधला फरक कळत नाही. आपल्या गाडीचा आकडा पुस्तकात किंवा चेनकव्हरवरच्या चिठ्ठीवर बघून तो पाठ करावा, आणि गेज लावूनच हवा भरावी. कमी हवेच्या टायरवर जड भार पडला की गाडी वळणावर डुलते, टायर तापतो, आणि खड्ड्यात रिम वाकते.

दुसरे म्हणजे मागचे शॉकअप. त्याच्या बुडाशी खाचा असलेले कडे असते, बहुतेक गाड्यांना पाच खाचांचे. पान्याने ते फिरवले की स्प्रिंग ताठ होते. नवीन गाडी घेतल्यापासून ते कडे एकदाही फिरवले नाही अशीच माणसे जास्त भेटतात, काहींना तर ते कशासाठी असते हेच माहीत नसते. रोज आईला घेऊन स्टेशनला जायचे असेल तर दोन खाचा वर घ्याव्यात, दोन्ही बाजूंना सारख्या. पाच मिनिटांचे काम आहे. चेन फार आवळून ठेवू नये. मागे माणूस बसला की ती आणखी ताणली जाते.

दिव्याचीही एक गोष्ट आहे. गाडी मागे बसली की तिचे तोंड वर होते आणि दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. जवळचा रस्ता मात्र काळोखात राहतो. पहाटेच्या वेळी समोरून येणारा डिपर मारतो, आपण त्याला शिव्या देतो, आणि त्याच काळोखातला खड्डा आपल्या चाकाखाली येतो. मागे माणूस बसवून गाडी भिंतीसमोर उभी करून एकदा झोत बघावा आणि मेकॅनिककडून दिवा थोडा खाली करून घ्यावा.

सर्वांत जास्त माणसे पडतात ती धावत्या गाडीवरून नव्हे, तर बसताना आणि उतरताना. माझे हे निरीक्षण आहे, आकडेवारी नव्हे. पोरगा गाडी साइड स्टँडवर लावून बसतो किंवा एक पाय टेकून मोबाईल बघत असतो. मागचे माणूस न सांगता फुटरेस्टवर सगळा भार देऊन चढते. गाडीच्या एका बाजूला बाहेर निघालेल्या त्या दांडीवर ८५ किलो आले की पंचावन्न किलोच्या पोराच्या हातात काही राहत नाही. तेव्हा पुढच्याने आधी बसावे, स्टँड काढावा, दोन्ही पाय जमिनीवर पक्के रोवावेत, पुढचा ब्रेक दाबून धरावा आणि मग 'बसा' म्हणावे. मागच्याने 'बसतोय' असे सांगून बसावे. वय झालेल्या किंवा गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी गाडी ओट्याला, पाराला किंवा बांधाला लावावी, म्हणजे फुटरेस्टवर लोंबकळावे लागत नाही. उतरताना आधी मागच्याने उतरायचे. तोपर्यंत पुढच्याने पाय उचलायचा नाही.

मागे बसणाऱ्याचेही काम असते. खताची गोणी बांधली की हलत नाही, माणूस हलतो. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची आहे, म्हणजे ८५ किलोचे माणूस म्हणजे जवळजवळ दोन गोण्या, आणि त्या दोन गोण्या वळणावर अचानक उलट्या बाजूला कलल्या तर काय होईल? पुष्कळजण भीतीने नेमके तेच करतात. गाडी डावीकडे वळताना झुकली की ते उजवीकडे ताठ होतात. मागच्याने गाडीबरोबर झुकावे, किंवा निदान न हलता पुढच्याच्या खांद्यावरून वळणाकडे बघावे. अंग आपोआप बरोबर राहते. चालत्या गाडीवर मागे वळून ओळखीच्याला हात करणे, पदर सावरायला दोन्ही हात सोडणे, टोपली या मांडीवरून त्या मांडीवर घेणे, हे सगळे आधी सांगून, गाडी थांबवून करावे. खांदे धरू नयेत. ब्रेक लागला की सगळा भार चालवणाऱ्याच्या हातांवर येतो. कमरेला धरावे किंवा सीटमागची दांडी धरावी.

बायांनी एका बाजूला पाय टाकून बसण्याबद्दल लिहिले की आमच्याकडे पत्रे येतील, तरी लिहितो. त्या बसण्यात वजन मधोमध राहत नाही आणि पकडायला एकच हात उरतो. सलवार-कमीजवाल्या मुली आता सर्रास दोन्हीकडे पाय टाकून बसतात, त्यांना कुणी काही म्हणत नाही. साडीत, लुगड्यात ते जमत नाही हे मान्य. मग निदान साडीगार्ड तरी हवे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२३व्या नियमात मागच्या बसणाऱ्यासाठी हाताला धरायची मूठ, पायाला फुटरेस्ट आणि कपडा अडकू नये म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण सांगितले आहे. पोरांना मात्र साडीगार्ड लावलेली गाडी म्हाताऱ्यांची वाटते. ते काढून माळ्यावर टाकतात, आणि आईचा पदर चाकात जातो.

थांबण्याचा अंदाज हा शेवटी सगळ्यात महागात पडतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते, म्हणजे ब्रेकवर बोट जाईपर्यंतच दोन-तीन गाड्यांची लांबी संपलेली असते. वेग ४०वरून ६०वर नेला की ब्रेक लागल्यानंतरचे थांबण्याचे अंतर दुपटीहून जास्त होते. त्यात भार दीडपट. पुढच्या गाडीपासून एरवी ठेवता त्याच्या दुप्पट अंतर ठेवा. ब्रेक दोन्ही एकदम, पण दमाने लावा. मागे भार असला की मागचा ब्रेक एकट्यापेक्षा चांगला धरतो, म्हणून तो वापरायला घाबरू नये. नुसत्या मागच्यावर मात्र विसंबू नये. एप्रिल २०१९ नंतरच्या १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांत एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागण्याची सोय आली आहे, पण आपल्या गावातल्या निम्म्या गाड्या त्याआधीच्या आहेत. चढावर, म्हणजे शिरसाड-अंबाडी रस्त्यावर काय किंवा तुंगारेश्वरच्या वाटेवर काय, आधीच खालचा गिअर टाकावा, क्लच हळू सोडावा आणि मागच्याला थोडे पुढे सरकून बसायला सांगावे. माझी आणि साहेबांची गोष्ट आठवा.

एक अवघड प्रश्न उरतो. गाडीच्या पुस्तकात एकूण किती वजन न्यावे याचाही आकडा असतो, आणि छोट्या गाड्यांत तो बहुधा १३० किलोच्या आगेमागे असतो, माल धरून. सत्तरचा नवरा आणि सत्तरची बायको झाली की आकडा संपला. तो तंतोतंत पाळा असे म्हणालो तर निम्मा तालुका पायी चालू लागेल, हे मला कळते. पण त्याचा अर्थ असा तरी घ्यावा, की दोन मोठी माणसे बसल्यावर त्या गाडीवर आणखी काही चढवायला जागा नाही. टाकीवर खताची गोणी, मध्ये पोर आणि मागे बायको, हे दृश्य पेरणीच्या दिवसांत रोज दिसते. गोणीसाठी वेगळी फेरी मारा. नाहीतर दोघांतिघांत मिळून टेम्पो करा. आणि माणूसच फार जड असेल, रस्ता ओला असेल, तर रिक्षाचे पैसे द्या. त्यात कुणाचा अपमान नाही. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १२८ प्रमाणे चालकामागे एकच माणूस बसवता येतो, तोही नीट सीटवर. २०१९च्या दुरुस्तीने यासाठी दंडाबरोबर तीन महिने परवाना जाण्याची तरतूद केली आहे.

हेल्मेटबद्दल 'मागच्याला कशाला?' हा प्रश्न मला सरपंचांनीही विचारला आहे. कलम १२९ दोघांनाही हेल्मेट सांगते, चार वर्षांवरच्या मुलालासुद्धा. कायदा बाजूला ठेवा. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत शंभरात चव्वेचाळीसहून जास्त दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेले जे मेले त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला आपल्याच जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मागे बसलेल्या दोघांचा जीव गेला, पुढचे दोघे वाचले. मागच्यांनी पट्टा लावलेला नव्हता असे तपासात पुढे आले. इतक्या मोठ्या मोटारीत जे झाले ते शंभर सीसीच्या सीटवर होणार नाही, असे मानायला आधार काय? घरातले हेल्मेट पोराच्या मापाचे असते, आईच्या अंबाड्यावर ते बसत नाही. तिच्या मापाचे, आयएसआय शिक्क्याचे वेगळे घ्यावे.

आता दोन शब्द गावच्या कारभाऱ्यांसाठी. तलाठ्याचे ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी झाले. गतिरोधक मात्र तेच आहेत. एखादा अपघात झाला की गावकरी रात्रीतून डांबराचा ढीग टाकतात, ना रंग, ना फलक. इंडियन रोड्स काँग्रेसचे माप दहा सेंटीमीटर उंची आणि ३.७ मीटर रुंदी असे आहे, म्हणजे चाक हळूहळू चढावे आणि उतरावे. आपला गतिरोधक वीतभर उंच आणि हातभर रुंद. त्यावरून मागे बसलेले जड माणूस सीटवरून उडते, खाली येते तेव्हा शॉकअप ठोकर खातो, आणि एका बाजूला बसलेली बाई बऱ्याचदा रस्त्यावरच येते. तिला 'धरून बसता येत नाही का' असे वर ऐकवतात. ग्रामपंचायतीच्या हद्दीतले गतिरोधक एकदा फुटपट्टी घेऊन मोजावेत. पश्चिमेकडची बरीच गावे २००९ पासून महापालिकेत आहेत, तिथे प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. सगळे तोडून नवे करायला वेळ लागेल. पण पांढरे पट्टे मारायला आणि अलीकडे चाळीस मीटरवर फलक लावायला फार पैसा लागत नाही; गणपतीच्या आधी हे उरकता येईल.

आणि एक माहिती, जिच्यासाठी कुणाला माझ्याकडे यावे लागू नये असे वाटते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून चालू झाली. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला एक जण यात येतो, रस्ता अपघात धरून. मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तीस दिवसांत करायचा. गाडी तो शेतकरी स्वतः चालवत असेल तर त्याचा परवाना लागतो आणि दारू प्यायलेला असेल तर प्रकरण बसत नाही. परवान्याशिवाय स्टेशनच्या फेऱ्या मारणारी पोरे आपल्या आळीत किती आहेत, ते ज्याने त्याने बघावे.

पुढच्या महिन्यापासून गावच्या बैठकांना येताना मी हवेचे गेज आणि शॉकअपचा पाना घेऊन येणार आहे. ज्यांना टायर तपासून घ्यायचा असेल त्यांनी गाडी तासभर आधी आणून सावलीत लावावी. तापलेल्या टायरवर आकडा जास्त दाखवतो. आणि रोज मागे बसणारे माणूस बरोबर आणावे, कारण त्याला बसवूनच स्प्रिंग किती घ्यायची ते ठरते.